आधी मोजू, मग ठरवू

(धडगाव परिसरात पाड्यांवर काम करणाऱ्या बहिणींच्या शिबिरात केलेले भाषण)



आजचा विषय आहे सामाजिक उद्योग. पाड्यावरच्या बहिणींना स्वतःचा उद्योग सुरू करता येईल का, हे त्यांच्याबरोबर बसून कसे तपासायचे, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे. उद्योग सुरू करून कसा द्यायचा, याविषयी मी बोलणार नाही. ‘तपासणे’ आणि ‘करून देणे’ यांत फार अंतर आहे. करून दिलेली शिलाई यंत्रे किती गावांत कापडाखाली झाकून पडली आहेत, हे आपल्याला ठाऊक आहे.

सामाजिक उद्योग म्हणजे काय? तो दानधर्म नाही. त्यात माल विकायचा असतो, हिशेब ठेवायचा असतो आणि नफाही व्हावा लागतो. पण तो नफा एका मालकाच्या घरी जात नाही. ज्यांचे कष्ट, त्यांचाच निर्णय. कमाईतून मुलांची शाळा, दवाखाना, अडीअडचण भागावी, म्हणून तो उद्योग असतो.

पवित्र शास्त्रात दुसऱ्या राजांच्या पुस्तकातील चौथा अध्याय आपण अनेकदा ऐकला आहे. एका संदेष्ट्याची विधवा कर्जात बुडाली होती. सावकार तिच्या दोन्ही मुलांना दास करून न्यायला आला होता. ती अलीशाकडे गेली. अलीशाने तिला पैसे दिले नाहीत. तिच्या घरात काय शिल्लक आहे, ते त्याने विचारले. थोडेसे तेल होते. मग त्याने तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागायला सांगितली आणि दार आतून लावून ओतायला सांगितले. भांडी भरली. शेवटी त्याने तिला सांगितले की तेल विकून आधी कर्ज फेडावे आणि उरलेल्यावर कुटुंबाने जगावे.

एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. तेल ओतले जात होते तेव्हा अलीशा त्या घरात नव्हता. आत ती होती आणि तिची मुले होती. काम झाल्यावर तिनेच जाऊन त्याला सांगितले. मदत करणाऱ्याची जागा दाराबाहेर असते, हे मी त्या अध्यायातून शिकले.

आता आपल्या घरात काय आहे ते पाहू. सातपुड्यात आंबा आहे. शेताच्या बांधावर, वनपट्ट्यात, घरामागे गावठी आंब्याची झाडे आहेत. उन्हाळ्यात कैऱ्या उतरवायच्या, साली काढायच्या, फोडी करायच्या, उन्हात वाळवायच्या. हा आमचूर आपल्या आयाआज्या करत आल्या. गुजरातेत ऊसतोडीला गेलेली कुटुंबे परत येतात, त्याच सुमारास हा हंगाम असतो. पावसाळ्याच्या तोंडावर हाती येणारा हाच रोख पैसा. बी-बियाणे त्यातून, वह्या-पुस्तके त्यातून.

पण हा पैसा हाती येण्याआधीच अर्धा वाटेला लागलेला असतो. होळीच्या आधी कुणी आजारी पडले, की व्यापाऱ्याकडून उचल घेतली जाते. उचल घेतली की माल त्यालाच द्यायचा, भाव त्याचा आणि काटाही त्याचाच. सगळे व्यापारी लबाड असतात असे मी म्हणत नाही. रात्री-अपरात्री दवाखान्यासाठी पैसे देणारा तोच असतो, हेही खरे आहे. म्हणून ‘व्यापाऱ्याला सोडा’ असे बहिणींना नुसते सांगून चालत नाही. त्याच्या जागी अडचणीला कोण उभे राहणार, हे आधी सांगावे लागते.

तपासणीची सुरुवात हिशेबाने करावी. प्रभूनेही बुरूज बांधणाऱ्याचा दाखला दिला आहे. शहाणा माणूस आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो. पुढचे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. तुमच्या पाड्याचे खरे आकडे तुम्ही घाला.

समजा, १० बहिणींनी प्रत्येकी २० किलो, म्हणजे २०० किलो आमचूर केला. दारात आलेला व्यापारी १५० रुपये किलो देतो. म्हणजे ३०,००० रुपये. तालुक्याबाहेरच्या बाजारात २०० रुपये भाव आहे. आपण लगेच म्हणतो, ४०,००० मिळतील, १०,००० चा फायदा! पण थांबा. माल ठेवल्यावर आणखी सुकतो. १० किलो घट धरा, १९० किलो उरले. त्याचे ३८,०००. गाडीभाडे २,५००. गोण्या, हमाली, तोलाई १,०००. दोन बहिणी दोन दिवस गेल्या, त्यांची मजुरी रोज ३०० प्रमाणे १,२००. खर्च ४,७०० वजा केला की ३३,३०० राहतात. फायदा ३,३०० रुपये, म्हणजे एका बहिणीला ३३० रुपये.

एवढ्यासाठी करायचे का? हा प्रश्न बहिणींनाच विचारा आणि त्यांच्या उत्तराची वाट पाहा.

याच हिशेबात दुसरी वाटही दिसते. लोखंडी सुरीने चिरलेली कैरीची फोड काळी पडते. स्टीलच्या सुरीने चिरली आणि जमिनीवर न टाकता स्वच्छ कापडावर वाळवली तर ती पांढरी राहते. पांढऱ्या मालाला जास्त भाव मिळतो. समजा, अर्धा माल निवडून २४० ने गेला. मग एकूण ४१,८०० येतात. तोच खर्च ४,७०० आणि सुऱ्या-कापडाचे १,००० वजा केले तरी ३६,१०० राहतात. फायदा ६,१००, म्हणजे प्रत्येकीला ६१०. गाडीच्या कमाईत सुरीने चांगली भर घातली! आणि त्याच गाडीत १० ऐवजी ३० बहिणींचा माल गेला, तर भाडे तेवढेच राहून वाटले जाते. शेजाऱ्यांची भांडी म्हणजे काय, ते इथे कळते.

उलट बाजूही मांडा. वाळवण चालू असताना वळवाचा पाऊस आला तर? माल बुरसला तर तोटा कुणाचा? सर्वांचा की जिचा भिजला तिचा? हे हंगामाआधी ठरले नाही, तर मैत्रिणी वैरिणी होतात. पैसा कुणाकडे राहील? वहीत कोण लिहील? मिळालेला पैसा घरी गेल्यावर दारूत जाणार नाही, यासाठी तो कुणाच्या खात्यावर यावा? आणि पाणी, सरपण, भाकरी, लेकरू यांतून त्या बाईला खरोखर किती वेळ उरतो?

एका पाड्यावर हा सगळा हिशेब मांडून झाल्यावर एक वयस्क बाई म्हणाली, “ताई, यंदा नुसते मोजू.” मला ते फार पटले. त्या गटाने त्या वर्षी उद्योग काढला नाही. त्यांनी बचतीतून एक काटा घेतला. व्यापारी येण्याआधी प्रत्येकीने आपला माल स्वतः मोजला आणि वहीत लिहिला. माल त्यालाच दिला, पण वजन सांगून दिला. ज्या बाईने कधी भाव विचारला नव्हता, तिने त्या दिवशी पहिल्यांदा विचारला. दुसरे काम त्यांनी केले ते अडचणीच्या पेटीचे. दर आठवड्याला थोडे पैसे, केवळ दवाखान्यासाठी. उचल घ्यावी लागू नये म्हणून. विधवेने आधी कर्ज फेडले, तोच क्रम या बायकांनी न सांगता धरला. (काटा विक्रीसाठी वापरायचा असेल, तर त्यावर वैधमापन विभागाचा शिक्का लागतो, हेही लक्षात ठेवा.)

‘आपल्या बायकांना हे जमेल का?’ असे कुणी विचारले तर त्यांना तीन गोष्टी सांगा. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये टाकलेल्या, दुष्काळात होरपळलेल्या स्त्रिया विणकाम, तेलघाणी, शेती, छपाई शिकल्या. १९५९ मध्ये मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेच आजचे लिज्जत. देणगी मागायची नाही, असे त्यांनी सुरुवातीलाच ठरवले होते. आणि माणदेशात म्हसवडच्या बायकांनी बँक काढायचे ठरवले, तेव्हा लिहिता-वाचता येत नाही म्हणून त्यांचा पहिला अर्ज नाकारला गेला. त्या शिकल्या, पुन्हा गेल्या आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली.

सरकारी वाटाही माहीत असाव्यात. वनहक्क कायदा २००६ चा आहे. गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क त्याने दिला आहे. प्रधानमंत्री वनधन योजना २०१८ मध्ये सुरू झाली. तिच्यात बचत गट एकत्र येऊन साधारण ३०० जणांचे केंद्र होते. आपल्या राज्यात शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळाकडे चौकशी करता येते. पाकिटे करून खाण्याचा माल विकायचा, तर एफएसएसएआयची नोंदणी लागते. पण योजना आहे म्हणून उद्योग काढू नका. उद्योग पक्का ठरला, की मग योजना शोधा.

आता आपल्याविषयी, म्हणजे मदत करणाऱ्यांविषयी तीन शब्द.

पहिला, गट पाड्यातल्या सर्व बहिणींचा असू द्या. जी उपासनेला येते तिचाही, जी येत नाही तिचाही. विधवेने भांडी सगळ्या शेजाऱ्यांकडून आणली, त्यांचा विश्वास विचारला नाही. भाकरीला अट लावून सुवार्ता सांगता येत नाही. प्रेम करा, ते लोकांना दिसते.

दुसरा, वही, काटा आणि पेटीची किल्ली आपल्या हाती ठेवू नका. ज्या दिवशी ताई आली नाही तरी बैठक झाली, त्या दिवशी देवाची स्तुती करा.

तिसरा, ‘नाही’ हे उत्तर मान्य करा. सगळे मोजून बहिणींनी ‘आम्हाला हे परवडत नाही’ असे ठरवले, तर तपासणी यशस्वी झाली. त्यांचा एक हंगाम आणि साठवलेला पैसा वाचला. अहवालात लिहायला आपल्याला काही मिळाले नाही, तरी चालेल.

शहरातल्या मंडळ्यांनाही विनंती आहे. आमच्या बहिणींचा माल दया म्हणून घेऊ नका. दयेने माणूस एकदाच घेतो. आमटीत घालून पाहा, आवडला तर पुन्हा मागवा, नाही आवडला तर का ते कळवा. नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायातली स्त्री शेत पाहून, पारखून विकत घेते. थुवतीरेची लुदिया जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करत होती. त्यांना कुणी बिचारी म्हटले नाही.

कैऱ्या धरायला अजून अवकाश आहे. तोवर प्रत्येक पाड्यावर दोनच बैठका घ्या. पहिलीत बायकांना बोलू द्या, आपण ऐका. दुसरीत वही उघडा आणि मागच्या हंगामात किती माल केला, किती पैसे आले, उचल किती वळती झाली, ते त्यांच्याच तोंडून लिहून घ्या. एवढे झाले की पुढचे काय ते त्या सांगतील.

प्रभू त्यांच्या हातच्या कामाला यश देवो, आणि आपल्याला दाराबाहेर थांबण्याचा धीर देवो. आमेन.