मातृभाषेचे घर आणि शेजार : प्रागमधील विद्यार्थिदशेतून



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आपली शाळा चालवते, त्यांनी आम्हाला मराठीचे व्याकरण शिकवले. त्यांच्या नावाने बोलताना व्याकरणापासून आणि भाषेपासून फार दूर जाणे मला शोभणार नाही. म्हणून विषय ‘प्रागमधील माझे शिक्षण’ असा ठरला असला, तरी प्रवासवर्णन ऐकवावे असा माझा हेतू नाही. मध्य युरोपातील एक जुने राजधानीचे शहर आपल्या भाषेसाठी कसे झगडले, त्यात त्याने काय मिळवले आणि काय गमावले, हे तेथे विद्यार्थी म्हणून राहताना मला जसे उमगत गेले तसे आपल्यापुढे ठेवावे, एवढाच माझा प्रयत्न आहे. सीमाभागातील मराठी शाळेच्या सभागृहात या गोष्टीला वेगळा अर्थ येतो, हे मी जाणून आहे.

मी २००३ साली इतिहासाच्या अभ्यासासाठी प्रागला गेलो. ‘तेथेच का?’ असे मला अनेकांनी विचारले. कारण अगदी व्यवहारी होते. चेक देशातील सरकारी विद्यापीठात जो चेक भाषेतून शिकतो, तो कोणत्याही देशाचा असो, त्याला ठरलेल्या मुदतीत अभ्यास पुरा केल्यास शिक्षणशुल्क पडत नाही. इंग्रजीतून शिकायचे असेल तर ते भरावे लागते. ‘आमची भाषा शिका, मग आमचे ज्ञान तुम्हाला खुले आहे’ अशी ही अट आहे. जेमतेम एक कोटी लोकांची भाषा. पण ती परक्याला आपल्या घरात बोलावते आणि घरात आल्यावर आपल्याच भाषेत बोलायला लावते. या आत्मविश्वासाचे मला प्रथम आश्चर्य वाटले आणि मग कुतूहल.

पहिले वर्ष केवळ भाषा शिकण्यात गेले. चेक ही युरोपातील अवघड भाषांपैकी एक समजली जाते. आमच्या वर्गातले इंग्रजीभाषक विद्यार्थी विभक्तींच्या तक्त्यापुढे हताश होऊन बसत. मला मात्र तो तक्ता ओळखीचा वाटला. चेकमध्ये सात विभक्ती आहेत आणि शाळेतली मुले त्यांना पहिली, दुसरी, तिसरी अशा क्रमांकांनीच ओळखतात. आपल्या प्रथमा, द्वितीया, तृतीयेसारखेच. संबोधनाची विभक्ती त्यांनी आपल्यासारखीच जपली आहे. लिंगे तीन, आणि गंमत अशी की त्यांची नदी स्त्रीलिंगी, पूल पुल्लिंगी आणि शहर नपुंसकलिंगी, म्हणजे नेमके आपल्याप्रमाणे. थोरांना ‘तुम्ही’ आणि जवळच्यांना ‘तू’ हा भेदही तेथे आहे. दाराला ते ‘द्व्हेर्झे’ म्हणतात, विधवेला ‘व्दोवा’ आणि दिवसाला ‘देन’. हजारो वर्षांपूर्वीचे नाते असे अचानक बोलू लागते. आपण चमच्यातला ‘च’ आणि चहातला ‘च’ वेगळा उच्चारतो, पण लिहितो एकाच अक्षराने. चेक लिपीत या दोन उच्चारांना दोन अक्षरे आहेत आणि त्यांतला फरक केवळ डोक्यावरच्या लहानशा खुणेचा आहे. सरांनी फळ्यावर आखलेला विभक्तींचा तक्ता मला परदेशी भाषा शिकताना उपयोगी पडला. मातृभाषेचे व्याकरण पक्के झालेला विद्यार्थी दुसऱ्या भाषेच्या दारात रिकाम्या हातांनी उभा राहत नाही, याचा याहून चांगला पुरावा मी देऊ शकत नाही.

आता शहराकडे वळू. प्रागचे विद्यापीठ सम्राट चौथा चार्ल्स याने १३४८ साली स्थापन केले. व्ल्तवा नदीवरील प्रसिद्ध दगडी पूल त्याच्याच काळातला. आधीचा पूल १३४२च्या महापुरात कोसळल्यावर १३५७ साली याची पायाभरणी झाली. सोळा कमानींचा हा पूल पाचशे मीटरांहून थोडा अधिक लांब आहे. त्यावरील तीस पुतळ्यांपुढे प्रवासी छायाचित्रे काढत उभे असतात. परंतु या शहराचा खरा इतिहास मला पुलावर नव्हे, जुन्या गावठाणातील चौकाच्या फरशीवर वाचायला मिळाला. तेथे जमिनीत सत्तावीस पांढरे क्रूस बसवलेले आहेत. १६२० साली शहराबाहेरच्या पांढऱ्या टेकडीवर बोहेमियाच्या सरदारांचा हाब्सबुर्ग सम्राटाच्या सैन्याने पराभव केला आणि २१ जून १६२१ रोजी या चौकात सत्तावीस पुढाऱ्यांना देहदंड देण्यात आला. त्यानंतर प्रोटेस्टंटांना धर्म तरी सोडावा लागला, नाही तर देश. दरबार, कचेरी, उच्च शिक्षण आणि प्रतिष्ठेचा व्यवहार यांत जर्मन भाषा हळूहळू वरचढ झाली. चेक मेली नाही. ती शेतात, स्वयंपाकघरात आणि घोड्याच्या तबेल्यात उरली. भाषा मरते ती बोलणारे संपल्यानेच असे नाही. तिच्यातून मोठे काम करणे थांबले की तिची अधोगती सुरू होते.

त्या निर्वासितांमध्ये एक शिक्षक होता. यान आमोस कोमेन्स्की हे त्याचे नाव. जग त्याला कोमेनियस म्हणून ओळखते. १६२८ साली त्याने देश सोडला तो कायमचा. मुलांना सहाव्या वर्षापासून बाराव्या वर्षापर्यंत मातृभाषेतून शिकवावे, अन्य भाषा त्यानंतर, असे त्याने आपल्या शिक्षणविषयक ग्रंथात मांडले. चित्रांच्या आधारे भाषा शिकवणारे त्याचे पाठ्यपुस्तक १६५८ साली छापले गेले आणि युरोपभर वापरले गेले. आज त्याचा जन्मदिवस, २८ मार्च, चेक देशात शिक्षकदिन म्हणून पाळला जातो आणि दोनशे कोरुनांच्या नोटेवर त्याचेच चित्र आहे. चलनावर शिक्षकाला जागा देणाऱ्या त्या समाजाविषयी मला आदर वाटला.

चेक भाषेचे पुनरुज्जीवन सुरू झाले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. आणि त्याची कथा वाटते तितकी सरळ नाही. या भाषेचे पहिले मोठे शास्त्रीय व्याकरणकार दोब्रोव्स्की यांनी आपले चेक व्याकरण जर्मन भाषेत लिहिले. इतिहासकार पालात्स्की यांचा राष्ट्राचा इतिहासही आधी जर्मनमध्ये प्रसिद्ध होऊ लागला, मग चेकमध्ये. ज्याचे संगीत आज चेकांचा प्राण मानले जाते तो स्मेताना जर्मन शाळांतून शिकला आणि मोठेपणी त्याने चेक लेखन नेटाने आत्मसात केले. युंगमान यांचा पाच खंडांचा चेक-जर्मन शब्दकोश १८३४ ते १८३९ या काळात बाहेर पडला. योगायोग पाहा : मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा आणि दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६चे. प्रागमध्ये आणि मुंबईत त्याच दशकात दोन भाषा आपापल्या शब्दांची मोजदाद करीत होत्या.

परंतु केवळ कोशाने भाषा उभी राहत नाही. १८४८ साली वेठबिगारी संपली आणि चेक बोलणारा खेडूत कारखान्यांच्या ओढीने प्रागमध्ये आला. त्या वेठीला ‘रोबोता’ म्हणत. त्यावरूनच चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकातून जगाला ‘रोबो’ हा शब्द मिळाला. या नव्या नागरिकासाठी चेक वर्तमानपत्रे निघाली, पतपेढ्या निघाल्या, व्यायामसंस्था निघाल्या. रसायनशास्त्रासाठी चेक परिभाषा घडवली गेली आणि पुढच्या संशोधकांनी ती इतकी रेखीव केली की संयुगाच्या नावाच्या प्रत्ययावरूनच मूलद्रव्याची ऑक्सिडीकरण अवस्था कळते. म्हणजे तेथे भाषाभिमानाने केवळ भाषणे केली नाहीत, तर प्रयोगशाळेतील बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या लिहिल्या.

या साऱ्याचे शिखर म्हणजे व्ल्तवाकाठचे राष्ट्रीय नाट्यगृह. लोकवर्गणीतून ते उभे राहिले. १८६८ साली पायाभरणी झाली तेव्हा देशाच्या निरनिराळ्या भागांतून शिळा आणल्या गेल्या. जून १८८१मध्ये ते उघडले आणि दोन महिन्यांतच, १२ ऑगस्टला, आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. त्यानंतर अवघ्या सत्तेचाळीस दिवसांत सुमारे दहा लाख गुल्डन पुन्हा जमा झाले आणि १८ नोव्हेंबर १८८३ रोजी नाट्यगृहाची दारे दुसऱ्यांदा उघडली. रंगमंचाच्या माथ्यावर दोनच शब्द कोरलेले आहेत. त्यांचा अर्थ ‘राष्ट्राकडून राष्ट्रालाच’. बावीस क्रमांकाच्या ट्राममधून मी त्या वास्तूवरून नेहमी जात असे. वर्गणीवर आणि मूठभर धान्यावर उभ्या राहिलेल्या आपल्या भागातील शाळांची मला तेथे आठवण होत असे, यात नवल नाही.

येथवरची कथा ऐकून आपल्याला अभिमान वाटला असेल. पण इतिहासाचा विद्यार्थी येथे थांबू शकत नाही.

ज्या काळात चेक भाषा आपले घर बांधत होती, त्याच काळात ती शेजाऱ्याशी बोलणे थांबवत होती, आणि शेजारीही तिच्याशी. १८८२ साली विद्यापीठाचे दोन तुकडे झाले. एक चेक, एक जर्मन. चेक लोक संध्याकाळी एका रस्त्यावर फिरत, जर्मन दुसऱ्या. चेकांचे नाट्यगृह वेगळे, जर्मनांचे वेगळे. त्या शतकाच्या अखेरीस नगरपालिकेने रस्त्यांच्या पाट्यांवरून जर्मन नावे काढून फक्त चेक ठेवली. याच विभागलेल्या शहरात १८८३ साली काफ्का जन्मला. तो ज्यू, लिहीत असे जर्मनमध्ये आणि चेकही त्याला उत्तम येत असे. तिन्ही परंपरांचा तो वारस. पण त्यांतील कोणतेही एक घर त्याला पूर्णपणे आपले म्हणता आले नाही. १९११-१२मध्ये आइन्स्टाइन प्रागमध्ये प्राध्यापक होता, तोही जर्मन विद्यापीठात.

पुढचे आपण जाणता. १९३९ साली नाझी सैन्य प्रागमध्ये आले. त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला नऊ जणांना गोळ्या घालण्यात आल्या, बाराशेहून अधिक विद्यार्थी छळछावणीत धाडण्यात आले आणि चेक उच्च शिक्षणसंस्थांना कुलपे लागली. ज्यू वस्तीतील पिंकास प्रार्थनामंदिराच्या भिंतींवर नाझींनी बळी घेतलेल्या बोहेमिया-मोराव्हियातील सुमारे ७८,००० ज्यूंची नावे हाताने लिहिलेली आहेत. तेथे आवाज आपोआप खाली येतो. आणि युद्ध संपल्यावर २५ ते ३० लाख जर्मनभाषकांना चेकोस्लोव्हाकियातून घालवून देण्यात आले. त्यांत अपराधी होते, तसे निरपराधही होते. प्रागचे जर्मन विद्यापीठ १९४५ साली रद्द झाले. नाझींनी केलेल्या अनर्थाची आणि रस्त्यांच्या पाट्यांच्या भांडणाची बरोबरी मी करीत नाही. तसे करणे इतिहासाशी अप्रामाणिकपणा होईल. पण परिणाम एवढा खरा, की शतकानुशतके तीन परंपरांचे असलेले शहर सहासात वर्षांत जवळजवळ एका भाषेचे झाले. आज तेथे चेक भाषा निर्वेध नांदते. परंतु काफ्काची पुस्तके त्याच्या स्वतःच्या गावातील बहुतेक लोकांना भाषांतरातूनच वाचावी लागतात. ही किंमत लहान नाही.

आमचा कला विभाग ज्या चौकात आहे त्याला यान पालाख याचे नाव आहे. सोव्हिएत आक्रमणानंतर आलेल्या मुर्दाडपणाविरुद्ध जानेवारी १९६९मध्ये स्वतःला जाळून घेणारा हा आमच्याच विभागाचा विद्यार्थी. पुढे १७ नोव्हेंबर १९८९ रोजी, त्या १९३९च्या दिवसाचे स्मरण करण्यासाठी निघालेल्या विद्यार्थ्यांच्या मोर्चातूनच चाळीस वर्षांच्या एकपक्षीय राजवटीचा अंत सुरू झाला. स्मरण म्हणजे केवळ हार घालणे नव्हे, हे त्या शहराने दाखवून दिले आहे.

आपला आणि या शहराचा संबंध नाही, असेही नाही. ज्या बाटांची पादत्राणे आपण भारतीय समजून वापरली, त्यांचा कारखाना १८९४ साली मोराव्हियातील झ्लीन गावी सुरू झाला. रवींद्रनाथ ठाकूर १९२१ आणि १९२६ साली प्रागमध्ये व्याख्यानांसाठी गेले होते. त्यांच्या नावाचा रस्ता तेथे आहे. त्यांच्या बंगाली रचना थेट चेकमध्ये नेणारे प्राध्यापक लेस्नी आमच्याच विद्यापीठातले. लहान भाषेचा मनुष्य इंग्रजीच्या खिडकीतून न पाहता सरळ बंगालीच्या अंगणात आला, हे मला फार मोलाचे वाटते.

मित्रहो, शाळेतील काही बाके आज रिकामी आहेत, हे आपण सर्वांनी येताना पाहिले. त्यावर निव्वळ हळहळून उपयोग नाही. प्रागने मला जे शिकवले ते तीन वाक्यांत सांगतो. पहिले, मूल बारा वर्षांचे होईपर्यंत त्याची समज त्याच्या भाषेत पक्की होऊ द्या. इंग्रजी त्यानंतर अडत नाही, उलट सोपी जाते. दुसरे, मराठीतून मोठे काम करा. या शाळेचे माजी विद्यार्थी वैद्य आहेत, अभियंते आहेत, वकील आहेत. त्यांनी आपापल्या विषयावर मुलांसाठी मराठीत एकेक पुस्तिका लिहिली आणि प्रयोगशाळेसाठी वर्गणी काढली, तर आपल्या पातळीवरचे ‘आपल्याकडून आपल्यालाच’ सिद्ध होईल. आणि तिसरे, शेजाऱ्याची भाषा नीट शिका. आपल्या मुलांना उत्तम कन्नड लिहिता-वाचता आले पाहिजे. हे कोणाच्या सक्तीने नव्हे, शेजारधर्म म्हणून. आपल्या पाटीचा आग्रह आपण जरूर धरावा, तो आपला हक्क आहे; पण दुसऱ्याची पाटी उतरवण्यात आपल्या भाषेचा विजय मानू नये. पाटी उतरते तेव्हा तिच्यामागचे ग्रंथालयही आपल्याला परके होते.

सरांचे व्याकरणाचे ज्ञान मोठे होते. पण त्यांच्या टेबलावर मराठी कोशाशेजारी कन्नड कोशही असे, हे त्यांचे विद्यार्थी जाणतात. त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करतो.