गळवाचा निचरा : चिरा, सुई की रबरी पट्टी?



गळू हा क्षुल्लक विषय वाटेल. परंतु ठणक्याने व्याकूळ होऊन रात्री-अपरात्री तातडीच्या विभागात येणारा रुग्ण तसे मानीत नाही. बहुधा तो पोटीस बांधून, गोळ्या घेऊन, गळू पिकण्याची वाट पाहून थकलेला असतो. पू साठल्यावर केवळ औषधांवर विसंबता येत नाही. त्याला वाट करून द्यावी लागते.

रूढ पद्धतीत जागा बधिर करून चिरा देतात, आतले कप्पे मोकळे करतात आणि पोकळीत गॉजची बत्ती भरतात. खरा त्रास त्यानंतरचा. बत्ती बदलताना रुग्ण कळवळतो आणि रोजंदारीवरील माणसाचा प्रत्येक खेपेला दिवस बुडतो. वरची त्वचा अकाली मिटू नये, हा बत्तीमागचा हेतू. तथापि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ४८ रुग्णांच्या एका लहान चाचणीत साध्या गळवात बत्तीने वेदना तेवढ्या वाढल्या, लाभ दिसला नाही.

“न चिरता जमणार नाही का?” असे नातेवाईक हमखास विचारतात. सोनोग्राफीत पाहून सुईने पू ओढता येतो खरा. पण २०११ च्या १०१ रुग्णांच्या चाचणीत सुईला २६ टक्के, तर चिऱ्याला ८० टक्के यश आले. दाट पू आणि कप्पे यांपुढे सुई तोकडी पडते.

आमचा कल तिसऱ्या पद्धतीकडे आहे. गळवाच्या दोन कडांना लहान छेद घेऊन त्यांतून मऊ रबरी पट्टी ओवायची व सैल गाठ मारायची. पू झिरपत राहतो, जखम घरी धुता येते आणि आठ-दहा दिवसांत पट्टी काढली की झाले. बत्ती बदलण्याच्या खेपा वाचतात. लहान मुलांच्या बाबतीत हे मोलाचे. तुलनात्मक अभ्यासांत ही पद्धत रूढ पद्धतीहून उणी ठरलेली नाही. साहित्यही स्वस्त, खर्च होतो तो शिकलेल्या हातांवर, आणि देणगीदारांनी तिकडे लक्ष द्यावे अशी आमची विनंती आहे.

अर्थात सर्वच गळवे सारखी नसतात. गुदद्वाराजवळचे किंवा तळहातातले गळू शल्यचिकित्सकानेच पाहावे. प्रतिजैविकेही निरुपयोगी नाहीत : २०१६ च्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत निचऱ्यानंतर औषध घेणारे ८०.५ टक्के, तर न घेणारे ७३.६ टक्के बरे झाले. मधुमेह असल्यास किंवा ताप येऊन लाली पसरू लागल्यास गळू पिकण्याची वाट न पाहता त्याच दिवशी यावे. घरी पिळू नये.