शितावरून भाताची परीक्षा



शितावरून भाताची परीक्षा, असे आपण म्हणतो. घरात आई पळीवर एक शीत घेते, बोटांनी दाबून पाहते आणि भात झाला की नाही ते सांगते. हे जमते, कारण एका भांड्यात, एका आचेवर सगळी शिते सारखीच शिजतात. शेताचे तसे नसते. विहिरीजवळचे सोयाबीन वेगळे, माळावरचे वेगळे. अहमदपूरला पाऊस झाला म्हणजे निलंग्याला झालाच, असे नाही. मग कोणती शिते उचलायची, किती उचलायची आणि त्यांवरून बांधलेला अंदाज कितपत चुकू शकतो, हे सांगणारे शास्त्र म्हणजे संख्याशास्त्र. त्याचा अभ्यास कसा करावा आणि त्यातून कोणत्या वाटा निघतात, याविषयी आज बोलायचे आहे.

आकडेमोडीशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. पीकविम्याचेच पाहा ना. उत्पन्नावर आधारलेली भरपाई एकेका शेतकऱ्याच्या शेतावरून ठरत नाही. मंडळाच्या सरासरीवरून ठरते. मागच्या 7 वर्षांतली चांगली 5 वर्षे घेतात, त्यांची सरासरी काढतात आणि जोखीमस्तर 70 टक्के असेल तर तिचे 70 टक्के धरतात. हे झाले उंबरठा उत्पन्न. समजा, ती सरासरी हेक्टरी 12 क्विंटल आहे. उंबरठा झाला 8.4 क्विंटल. यंदा पीक कापणी प्रयोगांत मंडळाची सरासरी 6.3 आली, तर तूट 2.1 क्विंटलची, म्हणजे उंबरठ्याच्या चौथाई. विमा रक्कम 50,000 रुपये असेल, तर भरपाई 12,500 रुपये. पण प्रयोगासाठी कोणी रस्त्याकडेची, पाण्याखालची शेतेच निवडली आणि सरासरी 8.4 आली, तर? साऱ्या मंडळाच्या हाती एक पैसाही येणार नाही. म्हणून शेत कोणाच्या मर्जीने निवडायचे नसते, चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निवडायचे असते. या निवडीला यादृच्छिक निवड म्हणतात. सारे संख्याशास्त्र या प्रामाणिकपणावर उभे आहे.

आपल्या देशात ही पद्धत शेतापर्यंत नेणाऱ्यांत एक मराठी माणूस पुढे होता. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म 1911 साली सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून ते लंडनला गेले आणि संख्याशास्त्रात पीएच.डी. होऊन आले. दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत असताना त्यांनी पीक कापणीचे प्रयोग शास्त्रशुद्ध केले. कापणीचा तुकडा फार लहान घेतला, तर कडेची रोपे आत ओढली जातात आणि उत्पन्न आहे त्याहून जास्त दिसते, हे त्यांनी दाखवून दिले. दोरी कुठे धरायची, एवढी साधी गोष्ट. पण तिच्यावर देशाच्या धान्याचा हिशेब अवलंबून होता. पुढे 1951 साली ते रोमच्या अन्न व कृषी संघटनेत गेले.

दुसरे नाव पुण्याच्या गोखले संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर यांचे. क्षेत्र धरून पीकविमा करावा, हा विचार त्यांनी 1976 मध्ये मांडला. त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने 1984 साली रस्ते, पाटबंधारे, शाळा, दवाखाने असे एकेक खाते मोजून जिल्ह्याजिल्ह्यांचा अनुशेष काढला. मराठवाडा मागे राहिला, ही तक्रार आपण आधीही करीतच होतो. पण गाऱ्हाणे ऐकून सोडून देता येते. मोजलेल्या आकड्याला उत्तर द्यावे लागते.

आता अभ्यासाविषयी. बारावीला विज्ञान आणि गणित असले की बी.एस्सी.ला संख्याशास्त्र घेता येते. त्यात संभाव्यता, नमुना निवड, अनुमान, प्रयोगांची आखणी हे भाग येतात. एम.एस्सी.ची सोय नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात आहे. ज्याचे गणित फार चांगले आहे, त्याने कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची प्रवेशपरीक्षाही द्यावी. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी ती 1931 साली स्थापन केली.

पुढच्या वाटा पुष्कळ आहेत. केंद्रात भारतीय सांख्यिकी सेवा आहे. तिची परीक्षा लोकसेवा आयोग घेतो. राज्यात अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी त्याचे कार्यालय. विमा कंपन्यांना विमागणिती लागतात. त्यांच्या परीक्षा अवघड, पण मान मोठा. नवे औषध खरोखर गुण देते की नाही, हे ठरवायला औषध कंपन्यांना संख्याशास्त्रज्ञ हवा असतो. बँका, लोकसंख्येचा अभ्यास, संगणकावरचे माहिती-विश्लेषण, अध्यापन ही आणखी क्षेत्रे. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो. नुसत्या पदवीवर भागत नाही. एम.एस्सी. करावे, संगणकावर आर किंवा पायथनसारखी भाषा शिकावी आणि चार ओळी नीट इंग्रजीत लिहिता याव्यात.

गुरुजनांना एक विनंती. लातूरचे नाव डॉक्टर आणि इंजिनिअर घडवणारे गाव म्हणून झाले, ते चांगलेच झाले. पण प्रत्येक हुशार मुलाला त्या दोनच दारांतून ढकलू नका. दोन-दोन वर्षे त्याच परीक्षेला बसून खचलेली मुले तुमच्याही पाहण्यात असतील. त्यांतल्या एखाद्याचा हात गणितात चालतो, पण जीवशास्त्रात मन रमत नाही. अशा मुलाला किंवा मुलीला हा तिसरा दरवाजा दाखवा. वर्गात एक साधा प्रयोग करून पाहा. शाळेतल्या सर्व मुलांची नावे चिठ्ठ्यांवर लिहा, वीस चिठ्ठ्या उचला, त्या मुलांच्या उंचीची सरासरी काढा. मग साऱ्या शाळेची काढून ताडून पाहा. दोन्ही आकडे इतके जवळ कसे आले, असे जो विद्यार्थी विचारील, तो या वाटेचा.

आपल्या पावसाचे, पिकाचे, पाण्याचे आकडे दरसाल कोणीतरी मोजणारच आहे. ते मोजणाऱ्यांत आपल्या गावची मुले असावीत. निदान मोजणी बरोबर झाली की नाही, हे विचारण्याइतके ज्ञान तरी गावात असावे.