जुने वाद्य घेताना



आपल्या गायन पार्टीसाठी वर्गणी काढून आम्ही सोलापुरातून जुनी गिटार आणली. तिची दांडी मोडून चिकटवलेली होती. वरून रंग दिल्यामुळे कळले नाही. पंधरा दिवसांत सांधा उकलला. वर्गणी मजुरीच्या पैशांतली होती, म्हणून ही चूक आज जाहीर सांगतो.

गिटारच्या सहा पोलादी तारांचा एकत्रित ताण सुमारे 70 किलो भरतो आणि तो दांडीला सोसावा लागतो. ताजी मोड सुतारी गोंदाने, क्लॅम्प लावून जोडली तर टिकते. पण वाळलेल्या जुन्या गोंदावर नवा नीट धरत नाही, आणि घाईने मारलेल्या स्क्रूने लाकूड आणखी फाटते.

म्हणून घेताना खुंट्यांखाली, दांडीच्या मागे नख फिरवा. दांडी डोळ्यासमोर धरून बाक पाहा. तारा सुरात लावून रात्रभर ठेवा. सकाळी सांध्यात फट दिसली तर पैसे देऊ नका.

सतार-तानपुऱ्यासाठी मिरज प्रसिद्ध आहे. तेथील या वाद्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जुने वाद्य अशा जाणत्या कारागिराला दाखवूनच घ्यावे. विचारण्यात कमीपणा नाही. समाजाचा पैसा न विचारता घालवण्यात आहे.

एवढे बोलून माझे दोन शब्द संपवतो. जयभीम.