युरियानं लायसिन वाढत नाही

जनुकांच्या भाषेतले तीन-तीन अक्षरांचे 64 शब्द आणि त्यांतून ठरणारी 20 अमिनो आम्लं हे तुम्ही शाळेत शिकलाच आहात. या उलगड्यासाठी हरगोविंद खुरानांना 1968 च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला, हेही ठाऊक असेल. पण परीक्षेपुरतं पाठ केलेलं हे ज्ञान आपण ताटापर्यंत आणत नाही, ही माझी तक्रार आहे. ज्वारीच्या दाण्यात साठवणीचं मुख्य प्रथिन काफिरिन. त्याच्या जनुकात लायसिन या अमिनो आम्लाचे शब्द, म्हणजे एएए किंवा एएजी, जवळपास नाहीतच. आणि लायसिन आपल्या शरीराला स्वतः बनवता येत नाही. जनुक म्हणजे वाण्याकडे पाठवलेली चिठ्ठी समजा. तिच्यात गूळ लिहिलेलाच नसेल, तर पैसे दुप्पट पाठवूनही तेल-मीठच दुप्पट येईल. युरिया म्हणजे हे जास्तीचे पैसे. युरियातून नत्र दिलं की दाण्यातलं प्रथिन वाढतं, पण वाढतं ते मुख्यतः काफिरिन, म्हणून प्रथिनातला लायसिनचा वाटा उलट घटतो. पुन्हा सांगतो, प्रथिन किती हा एक प्रश्न आणि प्रथिनात काय हा दुसरा.

कुणी म्हणेल, आपल्या कृषी विद्यापीठाच्या 'परभणी शक्ती' या ज्वारीच्या वाणात लोह आणि जस्त वाढवलं, 2018 मध्ये तो आलाही, मग लायसिनचंच काय अडलं? अहो, लोह-जस्त मुळं जमिनीतून उचलतात. ते चिठ्ठीवरचे जिन्नसच नव्हेत. दुसरा आक्षेप वजनदार आहे. 1973 मध्ये पर्ड्यू विद्यापीठाच्या सिंग आणि ॲक्स्टेल यांनी इथिओपियातली जास्त लायसिनची ज्वारी दाखवून दिली. खरं आहे. पण तिथंही काफिरिनच्या चिठ्ठीत गूळ लिहिला गेला नव्हता. त्या चिठ्ठीवरचा माल कमी उचलला गेला, म्हणून इतर चिठ्ठ्यांचा वाटा वाढला. आणि दाणा सुरकुतला, ही त्याची किंमत.

तुरीची चिठ्ठी मात्र निराळी. तिच्यात लायसिन भरपूर, मेथिओनिन कमी; ज्वारीत मेथिओनिन त्या मानानं बरं. म्हणून भाकरीसोबत वरण हवं. चटणी-भाकरीवर दिवस काढणाऱ्यांना मी बोल लावत नाही. नुसता प्रथिनाचा आकडा सांगून मोकळं होणाऱ्यांना लावतो. पुन्हा तेच, किती नव्हे, काय! शिवाय काफिरिन शिजल्यावर पचायला जड होतं, त्यामागं सिस्टीन नावाचं आणखी एक अमिनो आम्ल आहे. पण ते सांगायला आता वेळ नाही. निदान पोरांच्या ताटातलं वरण पातळ करू नका.