आहारातील स्निग्ध पदार्थ आणि शरीरातला दाह

रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात, हे सर्वांना ठाऊक असते. या पेशींचे आवरण कशाचे असते, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. त्या आवरणाचा पाया म्हणजे स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर. हे रेणू कोणत्या जातीचे असतील, हे बऱ्याच अंशी जेवणावर अवलंबून असते. तेल, तूप, मासे, दाणे यांतली मेदाम्ले आतड्यातून रक्तात उतरतात. त्यांतली बरीचशी ऊर्जेसाठी जळतात किंवा चरबी होऊन साठतात, पण काही पेशींच्या आवरणात जाऊन बसतात. आहारातला स्निग्धांश बदलला, तर काही आठवड्यांत पांढऱ्या पेशींच्या आवरणातले मिश्रणही बदललेले दिसते.

स्निग्ध पदार्थ म्हणजे केवळ इंधन, असे एकेकाळी शास्त्रज्ञही मानत. १९२९ साली अमेरिकेतील जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना स्निग्धांश पूर्णपणे काढलेला आहार दिला. उंदरांची वाढ खुंटली, कातडीवर आणि शेपटीवर खवले धरले. थोडेसे लिनोलेइक आम्ल देताच ती लक्षणे ओसरू लागली. शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत अशी काही मेदाम्ले आहेत, हे त्यातून कळले. आज अशी दोन कुळे मानली जातात. लिनोलेइक आम्ल हे ओमेगा-६ कुळातले. करडई, सूर्यफूल, कारळे, मका यांच्या तेलांत ते भरपूर असते. करडईच्या जुन्या वाणांच्या तेलात तर त्याचे प्रमाण सुमारे ७५ टक्के भरते. दुसरे अल्फा-लिनोलेनिक आम्ल, ओमेगा-३ कुळातले. ते मिळवण्याची उत्तम जागा म्हणजे जवस. जवसाच्या तेलाचा निम्म्याहून अधिक भाग त्याचाच असतो.

या आम्लांचा दाहाशी संबंध कसा येतो, हे पायात रुतलेल्या काट्यावरून समजते. काटा रुतला की तिथल्या पेशींना धोक्याची खबर लागते. एक विकर पेशीच्या आवरणातून ॲराकिडोनिक आम्ल सुटे करते. हे लिनोलेइक आम्लापासून शरीरातच बनलेले असते आणि मांस-अंड्यांतूनही मिळते. सुट्या झालेल्या आम्लावर कॉक्स नावाचे विकर काम करते आणि प्रोस्टाग्लँडिन तयार होतात. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, जागा लाल आणि गरम होते, वेदनेच्या नसा हळव्या होतात. त्याच आम्लापासून दुसऱ्या वाटेने ल्युकोट्राइन बनतात. त्यांतल्या एकाच्या हाकेने न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तातून बाहेर पडून काट्याभोवती जमतात. ॲस्पिरिनने दुखणे का थांबते, याचे उत्तर ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दिले: ते प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाही. या क्षेत्रातील कामासाठी वेन यांच्यासह स्वीडनचे सुने बर्गस्ट्रॉम आणि बेंग्ट सॅम्युएलसन यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

इतका भाग पाठ्यपुस्तकांतून बराच काळ शिकवला जात आहे. त्यापुढचा भाग तितकाच महत्त्वाचा आहे आणि तो कमी माहीत आहे. काटा निघाला, जंतू मेले की दाह आपोआप विरत जातो, असे पूर्वी समजले जाई. प्रत्यक्षात दाह थांबवणे हेही शरीराचे एक स्वतंत्र काम आहे आणि त्यासाठीचा निरोपही मेदाम्लांपासूनच बनतो. १९८४ मध्ये सॅम्युएलसन आणि चार्ल्स सेरहान यांनी ॲराकिडोनिक आम्लापासून बनणाऱ्या लिपॉक्सिन या द्रव्यांचा शोध लावला. लिपॉक्सिनमुळे नव्या न्यूट्रोफिलांची आवक थांबते. मग मॅक्रोफेज या मोठ्या भक्षक पेशी येतात, मेलेल्या न्यूट्रोफिलांना गिळतात आणि जागा साफ करतात. विशेष म्हणजे, दाह भडकवणारे प्रोस्टाग्लँडिनच काही तासांनी पेशींना लिपॉक्सिन बनवण्याची तयारी करायला लावते. दाहाच्या सुरुवातीतच त्याच्या शेवटाची सोय झालेली असते. प्राण्यांवरील काही प्रयोगांत कॉक्स पूर्ण रोखणारी वेदनाशामके दिल्यावर दाह ओसरायला उलट उशीर लागला, तो यामुळेच. ॲस्पिरिनची गोष्ट जरा वेगळी आहे. ते कॉक्सच्या एका प्रकाराला असे बदलते, की त्याच्या मदतीने लिपॉक्सिनसारखेच द्रव्य तयार होऊ लागते.

माशांच्या तेलातली इपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ मेदाम्ले याच यंत्रणेत शिरतात. ती आवरणात ॲराकिडोनिक आम्लाची काही जागा घेतात. त्यांच्यापासून बनणारे ल्युकोट्राइन न्यूट्रोफिलांना फारच क्षीणपणे बोलावतात. शिवाय त्यांच्यापासून रेझॉल्विन ही दाह आवरणारी द्रव्ये बनतात. त्यांचा शोध २००० सालच्या सुमारास सेरहान यांच्याच प्रयोगशाळेत लागला. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर मिळणारे तारली आणि बांगडा हे मासे या मेदाम्लांनी समृद्ध आहेत आणि महागड्या माशांच्या तुलनेत स्वस्तही. जवसातल्या आम्लाचे शरीरात इपीए होते खरे, पण बहुतेकांमध्ये एक दशांशाहूनही कमी, आणि डीएचए तर नाममात्रच. म्हणून जवसाची चटणी उत्तम असली, तरी ती माशाची जागा पूर्णपणे घेत नाही. मासे न खाणाऱ्यांसाठी सागरी शैवालापासून काढलेले तेल हा पर्याय आहे. माशांनाही ही आम्ले मुळात शैवालातूनच मिळतात.

रुग्णांवरील अनुभव आशादायक असला, तरी मर्यादित आहे. आमवातात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) रोज सुमारे तीन ग्रॅम इपीए आणि डीएचए काही महिने घेतल्यास सकाळचा ताठरपणा आणि वेदनाशामकांची गरज काहीशी कमी होते. मोठ्या मात्रेत हृदयाची लय बिघडण्याचा धोका थोडा वाढतो, म्हणून या मेदाम्लांच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्या लागतात.

दाहाची द्रव्ये ॲराकिडोनिक आम्लापासून बनतात, यावरून ओमेगा-६ म्हणजे दाह वाढवणारे विष, असा प्रचार होतो. तो चुकीचा आहे. लिनोलेइक आम्ल जास्त खाल्ले म्हणून ॲराकिडोनिक आम्ल त्या प्रमाणात वाढत नाही, कारण शरीर हे रूपांतर काटेकोरपणे आवरते. निरोगी माणसांवर झालेल्या चाचण्यांतही लिनोलेइक आम्ल वाढवल्यावर रक्तातली दाहाची चिन्हे वाढल्याचे दिसले नाही. कमतरता असते ती ओमेगा-३ ची. तीच भरून काढायला हवी.

संतृप्त मेदाम्लांचे, म्हणजे तूप, लोणी, पामतेल यांत भरपूर असणाऱ्या घटकांचे, प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. पामिटिक आम्ल जास्त झाले की मॅक्रोफेज दाहाची द्रव्ये सोडू लागतात, हे प्रयोगशाळेतल्या पेशींवर दिसून आले आहे. पण ताटातले चमचाभर तूप आणि काचेच्या बशीत पेशींवर ओतलेले शुद्ध आम्ल यांची बरोबरी करता येत नाही. खरा त्रास चरबी साठत गेल्यावर सुरू होतो. १९९३ मध्ये लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ हे दाहकारक प्रथिन बनताना आढळले. २००३ मध्ये कळले, की स्थूल शरीराच्या चरबीत मॅक्रोफेजची संख्या खूप वाढलेली असते. फुगलेल्या चरबीपेशी मरतात, मॅक्रोफेज त्यांच्याभोवती कडे करतात आणि तो दाह मंद पण सतत चालू राहतो. इन्सुलिनचा परिणाम कमी होण्यामागे हे एक मोठे कारण आहे.

ट्रान्स मेदाम्लांबद्दल मात्र फारसा वाद नाही. तेलावर अंशतः हायड्रोजन चढवून वनस्पती तूप बनवताना ती तयार होतात. ती जास्त खाणाऱ्यांच्या रक्तात दाहाची चिन्हे वाढलेली दिसतात आणि हृदयविकाराचा धोकाही वाढतो. डेन्मार्कने २००३ मध्ये त्यांच्यावर जगात पहिल्यांदा कायदेशीर मर्यादा घातली. भारतात तेल आणि वनस्पती तुपातली ही मर्यादा पाच टक्के होती. ती २०२१ मध्ये तीन आणि जानेवारी २०२२ पासून दोन टक्के करण्यात आली.