गोडलिंबावरचे बहुरूपी



वर्धापनदिनी चार शब्द बोलावे असा तुमचा आग्रह झाला, म्हणून परसातलाच विषय घेतला आहे. गोडलिंबावर किंवा लिंबाच्या झाडावर आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी, पुढे हिरवी होणारी अळी आपण पाहतो. तिला डिवचले की ती लालसर शिंग काढते व घाण वास सोडते. अशा अळ्यांपैकी एकीचे जे काळे फुलपाखरू होते, त्याला इंग्रजीत कॉमन मॉर्मन म्हणतात. आपण त्याला बहुरूपी म्हणू या.

नराचा वेष एकच. काळे पंख, त्यांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. माद्या मात्र काही नरासारख्या, तर काही थेट कॉमन रोज या तांबड्या ठिपक्यांच्या फुलपाखरासारख्या. रोजची अळी ईश्वरीसारख्या विषारी वेली खाते, म्हणून पक्षी त्याच्या वाटेस जात नाहीत. बहुरूपी मादीत विष नाही, नुसत्या सोंगावर ती जीव वाचविते.

हे सोंग कोठून येते ते २०१४ साली बंगळूरचे डॉ. कृष्णमेघ कुंटे व त्यांचे अमेरिकेतील सहकारी यांनी दाखविले. २०१५ साली जपानी शास्त्रज्ञांनी या फुलपाखराचा सारा जनुकसंच प्रसिद्ध केला. सुमारे २२ कोटी ७० लाख अक्षरे, आणि तीही चारच प्रकारची! इतके सलग वाचता येत नाही. एकाच पोथीच्या पुष्कळ प्रती निरनिराळ्या ठिकाणी फाडाव्या, आणि एका कपट्याचा शेवट दुसऱ्याच्या आरंभाशी कोठे जुळतो हे पाहत पोथी पुन्हा लावावी, तसे हे काम. तोच मजकूर वारंवार आला की घोटाळा होतो.

सोंग निघाले एकाच जनुकाचे. त्याचे नाव डबलसेक्स. नर-मादीचा भेद घडविणारे ते जनुक. सोंगाड्या माद्यांत तेथला सुमारे १ लाख ३० हजार अक्षरांचा तुकडा उलटा बसलेला असतो. उलटा असल्याने त्याची सरमिसळ होत नाही, नि वेष अर्धवट राहत नाही.

मला नवल वाटले ते पुढचेच. हा तुकडा नरातही असतो, पण त्याच्या पंखांवर दिसत नाही. साध्या मादीच्या पोटी सोंगाडी मुलगी आली, तर ते देणे बापाकडचे. आपल्याकडे मुलीच्या रूपाचा बोल मात्र आईलाच!

तेव्हा गोडलिंबावर औषध मारू नका; ती पाने आपल्याच फोडणीत पडतात. मोठे झाड चार अळ्यांनी मरत नाही. रोप लहान असेल, तर अळ्या काडीने उचलून मोठ्या झाडावर सोडाव्या. मी तसेच करते. कोणाला बघावयाचे असेल, तर पावसाळ्यात सकाळी घरी या.